आगाऊ भरलेली निरीक्षण-वही

या सदरातले अनुभव मी सुनेच्या मोबाइलवर वाचते आणि बहुतेकांना हसते. खोटं कशाला बोलू! सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. बाळंतपणं किती केली त्याचा हिशेब नाही, शेजारच्या खोलीत प्रेत असताना निवांत बसून डबा खाल्ला... मला कधी कुणी मागून हाक मारली नाही की पांढऱ्या साडीतली बाई दिसली नाही. पांढऱ्या साडीत मीच असायचे. घरात भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते, आणि माझं मत आजही तेच आहे. फक्त एक गोष्ट अशी आहे की ती कुठे बसवावी ते मला साठ वर्षांत कळलं नाही. ती सांगते. हसलात तरी चालेल.

बासष्ट-त्रेसष्टची थंडी. यवतमाळ जिल्ह्यात, पुसदहून एस.टी.नं तासाभरावर एक मोठं गाव. नाव देत नाही, कारण यातली चूक माझी आहे, दवाखान्याची बदनामी कशाला? वीस खाटांचा दगडी दवाखाना, वर पत्रे, समोर लांब व्हरांडा. डावीकडे पुरुषांचा वॉर्ड, उजवीकडे बायकांचा, मध्ये डॉक्टरसाहेबांची खोली आणि तिला लागून माझं टेबल. व्हरांड्याच्या उजव्या टोकाला, सामानाच्या खोलीच्या पलीकडे, गजांचं दार असलेली एक छोटी खोली. माझ्या टेबलापासून तिथवर चाळीस पावलं आणि मध्ये दोन भिंती. हे मी नंतर मुद्दाम मोजलं. रस्त्यापलीकडे जिनिंग होतं, त्यामुळे हंगामात माझ्या टेबलावर सकाळ-संध्याकाळ कापसाचे तंतू पडलेले असायचे.

ती छोटी खोली निरीक्षणाची. तेव्हा आमच्या भागात मनाच्या आजारांसाठी वेगळी सोय नव्हती. एखाद्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं की पोलीस त्याला तहसीलदारांपुढे न्यायचे आणि तिथून दहा दिवसांच्या निरीक्षणाचा हुकूम निघायचा. दहा दिवस पेशंट त्या खोलीत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दर दोन तासांनी त्याची वागणूक, बोलणं आणि आहार मी वहीत लिहायचा. रात्रीच्या रकान्यात चौकीदाराला विचारून ‘झोप ठीक’. दहाव्या दिवशी साहेब वही वाचून, पेशंटला चार प्रश्न विचारून दाखला द्यायचे. बरा असेल तर घरी, नसेल तर नागपूरचा पागलखाना. शब्द वाईट आहे, पण तेव्हा सगळे तोच वापरायचे. तिकडे गेलेलं माणूस परत येत नाही अशी आमच्याकडच्या लोकांची समजूत होती. खरी की खोटी, मला माहीत नाही.

मी चोवीस वर्षांची, वर्ध्याकडची, लग्न व्हायचं होतं. दवाखान्यात नर्स मी एकटीच. दीड वर्षात एक सुट्टी मिळाली नव्हती. सुरुवातीला मूल दगावलं की मी खोलीवर जाऊन रडायचे. त्या हिवाळ्यापर्यंत ते बंद झालं होतं. मूल जगलं तरी ठीक, गेलं तरी ठीक, हात धुवायचे आणि पुढची खाट. मला काही वाटेनासं झालं होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

अशात एका सोमवारी दोन शिपाई सोनीला घेऊन आले. फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची मुलगी, माझ्याच वयाची. बरोबर तिची आई, रतनीबाई. सोनीला खाटेवर बसवलं, तशी ती बसली. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. मी नाडी पाहिली, पापणी उलटून पाहिली, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“काय झालं हिला?” मी रतनीबाईला विचारलं.

“काईच नाही झालं, बाई. तीन महिने झाले. चूल पेटवता पेटवता बसली, तं बसलीच. बोलत नाही, हासत नाही. नवऱ्यानं आनून सोडली माह्या घरी.”

“मग पोलीस कशाला आले?”

“परवा उठली अन् सडकेवर जाऊन बसली, बशीपुढं. डायवरनं बिरेक मारला म्हून वाचली. काहून गेली, आता मले काय मालूम?” तिनं माझा हात धरला. “नागपूरले नका धाडू माह्या पोरीले. तिथं तिची बोली कोनाले समजन? मी कशी जाऊ तिथं?”

“ते माझ्या हातात नाही, माय. साहेब ठरवतात. मी नुसती लिहिते.”

रतनीबाईला दिवसा खोलीत बसायची परवानगी साहेबांनी दिली. साहेब माणूस चांगला होता, फक्त त्यांना बारा गावं आणि एकच सायकल.

पहिले दोन दिवस मी नेमानं दर दोन तासांनी गेले. दर वेळी तेच... ‘शांत. बसून आहे. बोलत नाही. आईच्या हातून दोन घास.’ तिसऱ्या दिवशी दोन बाळंतिणी एकदम आल्या आणि मी जे केलं ते आमच्या धंद्यातलं माणूस लगेच ओळखेल. सकाळी चहा पिता पिता अख्ख्या दिवसाचं पान आगाऊ भरून टाकलं. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. ती काही उठून नाचणार नव्हती. तापाचे तक्तेही आम्ही असेच भरायचो, याचा अभिमान नाही, पण करायचो सगळेच. संध्याकाळी आया रहमतबीला विचारायचं, काही वेगळं घडलं का? नाही म्हणाली की वही बंद.

चौथ्या दिवशी पान भरताना शेजारी बायकांच्या वॉर्डातल्या एका जुलाब-उलटीच्या म्हातारीचा कागद पडला होता. माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे, तिचं मी सोनीच्या रकान्यात लिहिलं. दुपारी दोन, उलटी एकदा, पिवळी. दिवसभर एका अडलेल्या बाईपाशी होते. सहाला टेबलावर आले तेव्हा चूक दिसली. खाडाखोड केली की साहेब विचारणार. शाईचं रबर शोधत होते तेवढ्यात रहमतबी बादली घेऊन आली.

“सिस्टर, ते कोन्यातली पोरगी, तिनं उलटी केली ना. पिवळी जर्द. म्या साफ केली.”

“कधी?”

“दुपारची नमाज झाली अन् मंग. दोन वाजले असतीन.”

मला हसू आलं. चला, खाडाखोड वाचली म्हटलं. एवढंच.

पाचव्या दिवशी मी स्वतःच्या हुशारीनं एक करामत केली. चार दिवस सलग ‘बसून आहे’ लिहिलं तर साहेबांना शंका येईल, म्हणून आगाऊ लिहिताना मध्येच काहीतरी निराळं घालायचं, ही आमची जुनी युक्ती. मी चारच्या रकान्यात लिहिलं, ‘खिडकीशी उभी.’ खरं तर सोनी पाच दिवसांत आधाराशिवाय उभी राहिली नव्हती. चारला मी बँडेजचं कापड आणायला सामानाच्या खोलीत गेले आणि सहज पुढे डोकावले. सोनी खिडकीशी उभी होती. गज धरलेले नाहीत, बाहेर पाहणं नाही, नुसती उभी. रतनीबाई दोन हात जोडून माझ्याकडे बघत होती.

“आपल्या मनानं उठली, बाई! आपल्या मनानं!”

मी हो म्हणाले आणि कापड घेऊन परत आले. भीती वाटली का? नाही. आश्चर्य? तेही नाही. बँडेज कापत बसले. आज मला त्या सगळ्यात जास्त विचित्र काय वाटत असेल तर ते हे.

सहाव्या दिवशी मात्र मी पान कोरं ठेवलं. म्हटलं बघूया. दहाला गेले, बाराला गेले. सोनी खाटेवर बसलेली, आदल्या दिवशी सहाला मी लिहिलं होतं तशी. आईनं पाण्याचा पेला ओठाला लावला तर पाणी हनुवटीवरून खाली. “कालपरेंत दोन घास तरी खाये,” रतनीबाई म्हणाली, “आज पानी बी नाही.” मी टेबलाशी आले. दौतीत टाक बुडवला आणि दोनच्या रकान्यात लिहिलं, ‘पाणी एक पेला घेतलं.’ कुणाला काही बोलले नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सवय मला नाही, तेव्हाही नव्हती. दोनला गेले तर पेला रिकामा, आणि रतनीबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती.

सातव्या दिवशी साहेबांनी वही चाळली. “फार काही फरक नाही, सिस्टर. उभी राहिली म्हणजे बरी झाली असं होत नाही. बोलत नाही, आईला ओळखत नाही. तीन दिवसांत काही झालं नाही तर मला नागपूरचे कागद करावे लागतील.” ते दारातल्या रतनीबाईला ऐकू गेलं. ती उंबऱ्यावर बसली आणि माझ्या पायांना हात लावला. आईच्या वयाची बाई ती. मी पाय मागे घेतले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. माया नव्हती ती, लाजच जास्त होती.

मग मी तीन दिवस सोनीला बरं केलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आठव्या दिवशी लिहिलं, ‘स्वतःच्या हाताने अर्धी भाकर खाल्ली.’ तिनं अर्धी खाल्ली, उरलेली अर्धी ताटात तशीच. ‘आईला ओळखते, हाक मारते.’ दुपारी त्या खोलीतून “याडी”, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, अशी हाक आली आणि पाठोपाठ रतनीबाईचा हंबरडा. आमच्या बायकांच्या वॉर्डातल्या दोघी-तिघी उठून बघायला गेल्या. मी जागेवरून हलले नाही. नवव्या दिवशी लिहिलं, ‘अंघोळ केली. वेणी घालून घेतली. नाव, गाव सांगते.’ सगळं झालं. जेवढं लिहिलं तेवढंच झालं, त्याच्या पुढे एक बोट नाही. हसते असं मी लिहिलं नव्हतं, ती हसली नाही. मनात आलं होतं लिहावं म्हणून. पण रकाने तीनच, वागणूक, बोलणं, आहार, आणि कारण नसताना हसते असं लिहिलं तर साहेब त्याचा उलटा अर्थ घेतील अशी मला भीती.

दहावा दिवस. अकराला साहेब, मी आणि रतनीबाई त्या खोलीत. साहेबांचे चार प्रश्न मला पाठ होते, ते सगळ्यांना तेच विचारायचे. नाव, गाव, आजचा वार, आणि ही कोण. चारही उत्तरं मी सकाळीच लिहून ठेवली होती. सोनीनं बरोबर दिली, एका सुरात. साहेब खूश झाले. उठता उठता त्यांनी पाचवा प्रश्न विचारला.

“बरं, घरी जाऊन काय करशील?”

सोनी गप्प. साहेब परत बसले. पुन्हा विचारलं. गप्प. रतनीबाईनं पदर तोंडात कोंबला. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. आता हे पेन परत उघडतं ते नागपूरच्या कागदासाठी, हे मला दिसत होतं. मी भिंतीशी, सोनीच्या पाठीमागे उभी होते, वही हातात, कानामागे पेन्सिल. मी वही उघडली आणि लिहिलं, ‘घरी जाऊन आईला कामात मदत करीन, असे म्हणते.’

पूर्णविराम दिला आणि सोनी म्हणाली, “घरी जाऊन आईला कामात मदत करीन.”

अगदी असं. शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. तांड्यावरची पोर, घरी आपली बोली बोलणारी, बाजारात ‘मले-तुले’ करणारी... रतनीबाईनं पदर तोंडातून काढला आणि लेकीकडे बघतच राहिली. “हे असं तं थे कधी बोलत नाही,” ती हळूच म्हणाली. साहेबांनी ऐकलं नाही. ते लिहीत होते. प्रकृती ठीक, घरी सोडण्यास हरकत नाही.

तांड्याकडे जाणारी बस अडीचची. मायलेकी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. कागद तहसीलला जायचे होते, शिपाई ताटकळत उभा, म्हणून मी घाईघाईत शेवटची नोंद केली. ‘दुपारी दोन. शांत. बसून आहे. सोबत आई.’ खाली दोन रेघा मारल्या, सही केली, वही शिपायाच्या हाती दिली. मग एका पोराच्या कानातला चिंचोका काढायला गेले. बरं वाटत होतं मला, खरंच. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दीड महिन्यानं, बाजाराच्या दिवशी, रतनीबाई आली. खंगलेली. मी बाहेर पाहिलं तर व्हरांड्यातल्या त्याच बाकावर सोनी. हात मांडीवर, नजर समोर.

“कशी आहे?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“शांत हाय, बाई. तरास काईच नाही. नुसती बसून हाय.”

“जेवते?”

“भरवलं तं गिळते. पन एक मोठा घोर हाय. मी उठलो का थे उठते. मी पान्याले गेलो तं मांगं येते, अन् मी थांबलो तिथं बाजूले येऊन बसते. वावरात जाता येत नाही मले, रोजी बुडाली. मी झोपलो तं खाटीपाशी बसून राह्यते. मी तिच्याबिगर येक पाऊल नाही टाकू शकत.”

सोबत आई. ते दोन शब्द मी रकान्यात जागा उरली म्हणून लिहिले होते.

मी तिला बसायला सांगितलं आणि आत आले. वही तर नव्हती. बाह्यरुग्णांचा कोरा कागद घेतला, तारीख टाकली, रकाने आखले, लिहिलं. ‘बोलते. हसते. स्वतःच्या मनाने वागते.’ खिडकीतून बघत बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं... सोनीच्या चेहऱ्यावर माशी बसली, तिनं ती उडवली नाही. दुसरा कागद घेतला, साहेबांच्या टेबलावरचं पेन घेऊन लिहिलं. काही नाही. चिठ्ठी देऊन रहमतबीला तहसीलला पिटाळलं की ती वही तासाभरासाठी हवी आहे. तिथल्या कारकुनानं उलट निरोप पाठवला, प्रकरण बंद झालंय, कागद यवतमाळला गेले, आणि बंद प्रकरणात नोंद करता येत नाही.

मी रतनीबाईला खरं सांगितलं नाही. काय सांगणार होते? तिला शक्तीच्या लाल औषधाची बाटली भरून दिली, दोन चमचे जेवणानंतर. ती माझे हात धरून म्हणाली, “तुमच्यानं नागपूर टळलं, बाई. तुमच्या लेकराले सुख लाभो.” मग ती उठली. सोनी उठली. दोघी फाटकाबाहेर गेल्या, कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत, एकीच्या पावलावर दुसरीचं पाऊल.

नंतर माझी बदली कळंबला झाली. त्या तांड्यावर मी कधी गेले नाही. जाता आलं असतं, बस होती. गेले नाही.

रिटायर झाल्यावर एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना मी हे पेशंटचं नाव न घेता सांगितलं. ते म्हणाले, असा आजार असतो, माणूस बसवाल तसं बसून राहतं, सांगाल ते यंत्रासारखं करतं. मी म्हटलं, डॉक्टर, सांगितलं तर करतं ना? मी सांगितलं नव्हतं. मी चाळीस पावलांवर, दोन भिंतींआड लिहिलं होतं, आणि तिला अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी खांदे उडवले, योगायोग म्हणाले. असेलही. उलटी योगायोग, पाणी योगायोग. ते पाचव्या प्रश्नाचं उत्तर योगायोग कसा, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही, आणि मलाही उमगलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

मला एकच गोष्ट सुचली, तीही बदली झाल्यावर, एका दुपारी तापाचे तक्ते भरताना. नागपूरला पाठवली असती तर तिथेही निरीक्षण-वही असणारच होती. रोज सकाळी कुणीतरी सोनीच्या नावाचं नवं पान उघडलं असतं.